धर्मगुरूंविना सात पिढ्या

१६१४ ते १८७३ या अडीचशेहून अधिक वर्षांत जपानमध्ये ख्रिस्ती श्रद्धा बाळगणे हा गुन्हा होता आणि त्यातील बराच काळ त्या गुन्ह्याची शिक्षा मृत्यू हीच होती. शेवटचे जपानी धर्मगुरू मान्शो कोनिशी १६४४ मध्ये मारले गेले. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात मिस्सा अर्पण करणारा किंवा पापनिवेदन ऐकून क्षमा देणारा, लोकांत मोकळेपणी वावरणारा एकही धर्मगुरू नव्हता. चर्च पाडली गेली होती, ग्रंथ जाळले गेले होते आणि बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटला होता. तरीही नागासाकीच्या परिसरातील शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांचे पंचांग बापाकडून मुलाकडे पोचवत ठेवले. हे कसे घडले याचे उत्तर हुतात्म्यांच्या धैर्यात शोधण्याची प्रथा आहे आणि ते धैर्य खरेच होते; परंतु जी श्रद्धा प्रत्यक्षात टिकली, ती बहुतांशी भ्यालेल्या, वाकलेल्या आणि तरीही परत प्रार्थनेकडे वळलेल्या सामान्य माणसांनी टिकवली, ही बाजू तितक्याच गांभीर्याने मांडली जाणे आवश्यक आहे.

जपानमधील ख्रिस्ती धर्माची सुरुवात गोव्याशी जोडलेली आहे. हातून खून झाल्याने मायदेश सोडून पळालेला अंजिरो नावाचा कागोशिमाचा एक रहिवासी १५४७ मध्ये मलाक्का येथे येशूसंघ (जेसुइट) या कॅथलिक संघाचे मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांना भेटला, गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात शिकला आणि १५४८ मध्ये तेथेच पाउलो या नावाने त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याकडून ऐकलेल्या वर्णनामुळे झेवियर यांची उत्सुकता वाढली आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते अंजिरोसह कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरले. तो काळ जपानमध्ये यादवीचा होता. दाइम्यो, म्हणजे आपापल्या प्रांतावर सत्ता गाजवणारे सरंजामदार, एकमेकांशी लढत होते आणि त्यांना चिनी रेशमाचा व पोर्तुगीज बंदुकांचा व्यापार हवा होता. पोर्तुगीज जहाजे येशूसंघाच्या धर्मगुरूंना मान देणाऱ्या बंदरांत नांगर टाकणे पसंत करीत. त्यामुळे क्युशू बेटावरील काही दाइम्योंना नवा धर्म राजकीयदृष्ट्याही सोयीचा वाटला. १५६३ मध्ये ओमुरा सुमितादा हा बाप्तिस्मा घेणारा पहिला दाइम्यो ठरला, १५७१ मध्ये त्याच्या प्रदेशातील नागासाकी हे बंदर पोर्तुगीज व्यापाराला खुले झाले आणि १५८० मध्ये त्याने ते येशूसंघाच्या स्वाधीन केले.

या वाढीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अनेक गावे धन्याच्या हुकुमाने ख्रिस्ती झाली आणि काही ख्रिस्ती दाइम्योंच्या प्रदेशात बौद्ध मंदिरे व शिंतो देवस्थाने पाडली गेली. त्याच सुमारास, १५६० पासून, गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसले होते आणि तेथे चर्चच्या हाती असलेली सत्ता इतरांच्या श्रद्धेवर सक्ती करीत होती. म्हणून जपानी राज्यकर्त्यांच्या मनातील संशय केवळ अज्ञानातून आला, असे म्हणता येत नाही. मात्र हुकुमाने आलेला धर्म हुकुमानेच निघून जाईल, हा त्यांचा हिशेब चुकला. त्याचे कारण येशूसंघाच्या एका अडचणीत दडलेले होते. ख्रिस्ती लोकांची संख्या लाखांवर गेली तरी धर्मगुरू मूठभरच होते. त्यामुळे आजाऱ्यांची सेवा, मृतांचे दफन, मुलांचे धर्मशिक्षण आणि निकडीच्या वेळचा बाप्तिस्मा ही कामे गावोगावच्या बंधुसंघांकडे, म्हणजे सामान्य श्रद्धावंतांनी स्वतः चालवलेल्या मंडळांकडे, सोपवली गेली होती. धर्मगुरू नसताना काय करायचे, हे जपानी ख्रिस्ती छळ सुरू होण्यापूर्वीच शिकून बसले होते.

१५८२ मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाच्या मृत्यूनंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने देश एका अमलाखाली आणला आणि १५८७ च्या जुलैमध्ये मिशनऱ्यांनी देश सोडावा असा आदेश काढला. व्यापार हवा असल्यामुळे त्याने तो आदेश काटेकोरपणे अमलात आणला नाही आणि जवळपास दहा वर्षे धर्मगुरू सावधपणे काम करीत राहिले. १५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू स्पॅनिश दूत म्हणून आले. त्यांचे दुभाषे होते गोन्सालो गार्सिया. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेले गोन्सालो येशूसंघाच्या छायेत वाढले आणि कोवळ्या वयातच जपानला गेले. तेथे अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबल्यावरही येशूसंघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषेवरील त्यांचे प्रभुत्व असे होते की हिदेयोशीसमोर दूतमंडळाची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याकडेच आले.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर रुतले आणि हिदेयोशीने त्यावरील माल जप्त केला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य येते, अशा अर्थाचे काही जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने बोलून दाखवल्याचे सांगितले जाते. ते कितपत खरे होते ते असो, हिदेयोशीचा राग मात्र ख्रिस्ती लोकांवर निघाला. ६ फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे ३ जपानी सदस्य आणि उरलेले सामान्य जपानी ख्रिस्ती, अशा लोकांना पकडून क्योतोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. ऐन हिवाळ्यात त्यांना सुमारे महिनाभर गावोगाव फिरवत नागासाकीला नेण्यात आले. मूळचे बंदी २४ होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांची त्यांत भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर या २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत १२ वर्षांचा लुदोविको इबाराकी होता, क्रुसावरूनच जमावाला उपदेश करणारे पाउलो मिकी होते आणि वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले आणि गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. वसईतील गास येथील चर्च त्यांच्याच नावाचे आहे.

खरी कसोटी याच्या पुढे होती. १६०३ मध्ये शोगुन, म्हणजे देशाचा प्रत्यक्ष सत्ताधारी सेनापती, झालेल्या तोकुगावा इयेयासूने आरंभी दुर्लक्ष केले. परंतु धर्मप्रसार न करता केवळ व्यापार करणारे डच आणि इंग्रज आल्यावर त्याला पोर्तुगिजांची गरज उरली नाही. आपल्या धन्यापेक्षा वरच्या कोणाला तरी मानणारे सुमारे तीन लाख प्रजाजन त्याच्या नव्या राजवटीला धोकादायक वाटले आणि १६१४ च्या आरंभी देशभर बंदीचा आदेश निघाला. श्रद्धेसाठी आपली जहागीर आधीच सोडलेल्या ताकायामा उकोन या सरदाराला कुटुंबासह मनिलाला हद्दपार करण्यात आले. तेथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा मृत्यू झाला. १० सप्टेंबर १६२२ रोजी निशिझाका येथेच ५५ जणांना जाळून आणि शिरच्छेद करून मारण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, लहान मुलेही होती.

अशा जाहीर वधांनी ख्रिस्ती लोक नमत नाहीत, उलट हुतात्म्यांच्या अस्थी जपून ठेवतात, हे शोगुनशाहीच्या लक्षात आले. त्यानंतर तिने जी पद्धत आखली, ती जीव घेण्यापेक्षा श्रद्धा सोडायला लावण्याची होती आणि म्हणूनच ती अधिक भयंकर होती. बंद्याला घट्ट आवळून उलटे टांगत आणि डोके खड्ड्यात सोडत. रक्त डोक्यात उतरून लगेच मृत्यू येऊ नये म्हणून कानापाशी लहानशी चीर देत आणि धर्मत्यागाची खूण करता यावी म्हणून एक हात मोकळा ठेवत. ऑक्टोबर १६३३ मध्ये जपानमधील येशूसंघाचे वरिष्ठ क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी सुमारे ५ तासांनी ती खूण केली. ही बातमी युरोपपर्यंत गेली आणि तिने चर्चला हादरवून टाकले. त्यांच्याबरोबरच टांगलेले ज्युलियान नाकाउरा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तग धरून मरण पावले. हे नाकाउरा १५८२ मध्ये पोपच्या भेटीला पाठवलेल्या चार जपानी तरुणांपैकी एक होते. जाता-येता गोव्यात थांबलेले आणि रोममध्ये सन्मान झालेले हे चौघे एकाच शाळेत शिकलेले होते. त्यांपैकी मान्शो इतो आजाराने नागासाकीत वारले, मार्तिन्यो हारा मकावला हद्दपारीत वारले, नाकाउरा खड्ड्यात मेले आणि मिगेल चिजिवा यांनी बंदीच्या आधीच येशूसंघ सोडला. शिक्षण आणि संस्कार सारखेच असूनही चार आयुष्यांच्या चार वाटा झाल्या. भीतीपुढे कोण टिकेल आणि कोण नाही, याचे सोपे नियम मांडणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

१६३७ च्या अखेरीस शिमाबारा आणि आमाकुसा येथील शेतकरी उठले. शिमाबाराचा दाइम्यो मात्सुकुरा कात्सुइये पिळवणुकीचे कर लावत होता आणि कर न भरणाऱ्यांना गवती झगे घालून ते पेटवले जात, इतका जुलूम तेथे माजला होता. उपासमार आणि धर्मबंदी यांनी मिळून बंडाला तोंड फोडले. आमाकुसा शिरो या किशोरवयीन मुलाच्या नेतृत्वाखाली स्त्रिया-मुलांसह सुमारे ३७,००० लोक हारा येथील पडीक किल्ल्यात एकत्र आले. शोगुनच्या लाखाहून मोठ्या सैन्याने त्यांना वेढले, डच जहाजानेही किल्ल्यावर तोफा डागल्या आणि १६३८ च्या एप्रिलमध्ये आतील जवळजवळ सर्वांची कत्तल झाली. जुलमाबद्दल मात्सुकुराचाही शिरच्छेद झाला, परंतु ख्रिस्ती म्हणजे बंडखोर हे समीकरण आता पक्के झाले. १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना बंदी झाली आणि पुढच्याच वर्षी विनंती करायला मकावहून आलेल्या शिष्टमंडळातील बहुतेकांना ठार करण्यात आले.

यानंतरची पाळत घराघरात शिरली. प्रत्येक कुटुंबाला कोणत्या तरी बौद्ध मंदिराकडे नोंद करून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घ्यावा लागे. पाच-पाच घरांचे गट करून एकाच्या गुन्ह्याची शिक्षा पाचांना देण्याची व्यवस्था होती. धर्मगुरू पकडून देणाऱ्याला चांदीची ५०० नाणी मिळतील, असे फलक चव्हाट्यावर लागलेले असत. नागासाकी भागात दर नव्या वर्षी ‘फुमिए’चा विधी होई. फुमिए म्हणजे क्रुसावरील ख्रिस्ताची किंवा मरियामातेची कोरलेली प्रतिमा. ती जमिनीवर ठेवून प्रत्येकाने अनवाणी पायाने तुडवायची. १६६९ मध्ये यासाठी पितळेच्या २० पट्ट्या ओतून घेण्यात आल्या. तान्ह्या मुलांचे तळवेही आईने प्रतिमेला टेकवायचे. आज संग्रहालयात असलेल्या या पट्ट्यांवरचे चेहरे आणि उठावाच्या कडा असंख्य पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या दिसतात.

गुप्त ख्रिस्ती लोक त्या पट्टीवर पाय ठेवत होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते घरी परतत आणि ‘कोंचिरिसान’ म्हणत. हा शब्द पश्चात्ताप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. बंदीपूर्वी, १६०३ मध्ये, तयार झालेली या नावाची एक छोटी पुस्तिका हस्तलिखितांतून गावोगाव फिरत होती. धर्मगुरू मिळत नसेल तेव्हा देवावरील प्रेमापोटी केलेल्या खऱ्या पश्चात्तापानेही क्षमा मिळते, असे ती शिकवी. या शिकवणीने त्यांना वाचवले. पडलेल्या माणसाला परत येण्याची वाट तिने खुली ठेवली आणि ती वाट नसती तर पहिल्याच पिढीत एकदा तुडवले ते कायमचे सुटले, असे झाले असते. शोगुनशाहीचा डाव नेमका तोच होता.

पश्चात्तापाला जोड होती संघटनेची. जुन्या बंधुसंघांचे रूपांतर वाड्यांच्या गुप्त मंडळांत झाले. नागासाकीजवळच्या उराकामी गावात सर्वांवर एक पंचांगप्रमुख होता, जो चर्चवर्षातील सण आणि उपवासाचे दिवस काढी; प्रत्येक वाडीला एक पाणीदार, म्हणजे बाप्तिस्मा देणारा माणूस, होता; आणि त्याच्या हाताखालचे निरोपे कोणत्या दिवशी शिवणटिपण व शेतकाम टाळायचे हे घरोघर कळवीत. पंचांग १६३४ सालच्या सूर्यमानाच्या तारखांवर आधारलेले होते. ते बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने मागे ठेवले, अशी परंपरा होती. सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मोठ्या काळ्या जहाजातून येतील, हे भाकीतही त्याच्याच नावावर सांगितले जाई. हिरादोजवळच्या इकित्सुकी बेटावर बाप्तिस्म्याचे पाणी नाकाए-नो-शिमा या खडकाळ बेटावरून आणत, कारण १६२० च्या दशकात तेथे ख्रिस्ती लोकांचा वध झाला होता. खडकाच्या फटीतून झिरपणारे ते पाणी थेंबथेंब गोळा करावे लागे.

बाहेरून हे लोक बौद्ध होते. कोणी मेले की मंदिराचा पुरोहित येऊन सूत्रपठण करी. त्याच वेळी किंवा तो गेल्यावर घरातले लोक ‘ओराशो’, म्हणजे लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द मिसळलेल्या पाठ प्रार्थना, म्हणून त्या पठणाचा प्रभाव पुसत. घरातील पांढऱ्या चिनी मातीची, कडेवर मूल घेतलेली कान्नोन ही करुणेची बौद्ध देवता त्यांच्यासाठी मरियामाता होती. प्रार्थना कागदावर ठेवणे धोक्याचे असल्याने त्या तोंडपाठ करवून घेत. पिढ्यांगणिक लॅटिन शब्दांचा अर्थ विसरला गेला, उच्चार घासले गेले, तरी क्रम आणि ठेका टिकला. दुरून पाहणाऱ्याला ही घोकंपट्टी वाटेल. पण अर्थ समजावून सांगणारा कोणी उरला नसताना शब्द जसेच्या तसे सांभाळणे हीच त्या लोकांची धर्मनिष्ठा होती.

तरी धरपकडी थांबल्या नाहीत. १६५७ मध्ये ओमुराजवळच्या कोरी भागात सहाशेहून अधिक लोक पकडले गेले आणि त्यांतील बहुसंख्यांना ठार करण्यात आले. उराकामीत १७९०, १८४२ आणि १८५६ मध्ये धाडी पडल्या. शेवटच्या धाडीत पंचांगप्रमुखाचाच तुरुंगात अंत झाला. १७९७ पासून सोतोमे किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे गोतो बेटांवर जाऊन वसली. तेथील जमीन नापीक होती. दारिद्र्य पत्करावे लागले, पण पाळत कमी होती.

१८५० च्या दशकात अमेरिकी आरमाराच्या दडपणाने जपानची दारे उघडली आणि पुढे परदेशी रहिवाशांसाठी नागासाकीच्या ओउरा भागात फ्रेंच धर्मगुरूंनी चर्च बांधले. ते निशिझाकाच्या २६ हुतात्म्यांना, म्हणजे गोन्सालो गार्सियांनाही, अर्पण केलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे डझनभर लोक चर्चच्या दारात उभे राहिले. धर्मगुरू बर्नार पेतिजाँ आत प्रार्थना करीत असताना एका स्त्रीने हलक्या आवाजात आपले सर्वांचे हृदय त्यांच्यासारखेच असल्याचे सांगितले आणि मरियामातेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्ती पाहून त्या लोकांनी नाताळचा सण आपण पाळतो आणि आता दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे, असे सांगितले. ते बरोबर होते: त्या वर्षी उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, १ मार्चला आला होता. सव्वादोनशे वर्षे कोणाही धर्मगुरूला न विचारता ठेवलेले पंचांग रोमच्या पंचांगाशी दिवसाच्या हिशेबाने जुळले. तेथे आलेली माणसे बहुतांशी निशिझाकावर मेलेल्यांची नव्हे, तर प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतलेल्यांची वंशज होती.

आनंद अल्पकाळ टिकला. १८६७ मध्ये उराकामीच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी बौद्ध पुरोहित बोलावण्यास नकार दिला आणि धरपकड सुरू झाली. छळाखाली बहुतेक बंद्यांनी धर्म सोडल्याचे मान्य केले. सेनएमोन ताकागी हा शेतकरी तेवढा ठाम राहिला. त्याच्याकडे पाहून घरी गेलेले इतर लोक पुन्हा अधिकाऱ्यांकडे आले आणि त्यांनी आपला धर्मत्याग मागे घेतला. १८६८ मध्ये शोगुनशाही गेली, परंतु सम्राटाच्या नव्या सरकारने तीच बंदी पुन्हा जाहीर केली आणि उराकामीच्या जवळजवळ ३,४०० लोकांना देशभरच्या प्रांतांत हद्दपार केले. त्सुवानो येथे त्यांना बर्फाळ तळ्यात उतरवले गेले आणि माणसाला नीट बसताही येणार नाही अशा पिंजऱ्यांत कोंडले गेले. गोतोतील हिसाका बेटावर सुमारे २०० माणसे जेमतेम २० चौरस मीटरच्या घरात आठ महिने डांबली होती. त्यांपैकी ३९ जण तेथेच दगावले. उराकामीच्या हद्दपारांपैकी सहाशेहून अधिक मेले. परदेशी सरकारांनी निषेध केला आणि युरोप-अमेरिकेत गेलेल्या जपानी शिष्टमंडळाला जागोजाग याबद्दल जाब द्यावा लागला. अखेर २४ फेब्रुवारी १८७३ रोजी बंदीचे फलक उतरवण्यात आले.

परतलेल्या उराकामीकरांकडे घर नव्हते, अवजारे नव्हती. तरी ज्या गावप्रमुखाच्या वाड्यात त्यांना दरवर्षी फुमिए तुडवायला लावले जाई, ती जागा त्यांनी विकत घेतली आणि तेथे चर्च उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्या चर्चपासून सुमारे ५०० मीटरवर फुटला. उराकामीच्या १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मेले. चर्च १९५९ मध्ये पुन्हा बांधले गेले.

सर्वच गुप्त ख्रिस्ती रोमच्या छत्राखाली परतले नाहीत. इकित्सुकी आणि इतर काही ठिकाणच्या कुटुंबांनी आजोबा-पणजोबांकडून आलेली रीत तशीच चालू ठेवली, कारण त्यांच्या लेखी पूर्वजांनी जिवावर उदार होऊन सांभाळलेली ती रीत हाच धर्म होता. त्यांच्या आचारांत बौद्ध आणि शिंतो अंश मिसळले म्हणून त्यांना भ्रष्ट ख्रिस्ती ठरवणे अन्यायाचे आहे. ज्या काळात चर्च त्यांना काहीही देऊ शकत नव्हते, त्या काळात हातात राहिलेले त्यांनी टाकले नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने नागासाकी परिसरातील गुप्त ख्रिस्ती लोकांशी संबंधित १२ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत ओउरा चर्च, हारा किल्ल्याचे अवशेष आणि नाकाए-नो-शिमा हे बेट यांचा समावेश आहे.